हरवलं साळूचं, चित्र हरणाचं

एका जंगलात, बाळांनो, एक भिंत होती.

भिंत म्हणजे तशी दरडच. काळी, उंच, सपाट. पाणवठ्याला जायच्या वाटेवर. तिथं सगळ्यांना सगळं सांगायची सोय होती. पळसाच्या पानावर मजकूर लिहायचा आणि डिंकाने ते पान दरडीला चिकटवायचं. ज्याला आवडेल त्याने चिखलात पाय बुडवून खाली ठसा उमटवायचा. फारच आवडलं, तर पोपट त्याची नक्कल चोचीत धरून जंगलभर फिरवायचे.

आधी नुसता मजकूर असायचा बरं का. 'पाणवठ्याच्या खालच्या अंगाला मगर आली आहे.' एवढंच. प्राणी वाचायचे आणि वरच्या अंगाला पाणी प्यायचे.

मग कुणीतरी एकदा मजकुराशेजारी एक फूल काढलं. सगळ्यांना ते आवडलं. दुसऱ्या दिवशी ज्या पानावर फूल नव्हतं, ते पान उगीचच उघडंबोडकं वाटायला लागलं. आणि असं उघडंबोडकं काही वाचायची त्या जंगलातल्या प्राण्यांना लाज वाटायला लागली.

तेव्हापासून चित्राशिवाय पान नाही.

चित्रं काढायचा रंगू माकड. कोळसा, गेरू आणि पळसाच्या फुलांचा रंग एवढ्यावर त्याचं काम चालायचं. रोज नवं चित्र काढणं काही शक्य नव्हतं. म्हणून त्याने बरीचशी चित्रं आधीच काढून वडाच्या ढोलीत रचून ठेवली होती. पाहिजे ते उचलायचं आणि लावायचं. 'शुभ सकाळ'ला गुलाब. त्या जंगलात गुलाब नव्हता. कुणी कधी पाहिलाही नव्हता. पण गुलाबाशिवाय सकाळ शुभ होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. घुबड तर सकाळ झाली की झोपायचं. तेही झोपण्याआधी न चुकता गुलाब लावून जायचं.

गवेआजोबा वारले तेव्हा मोराने शोकाचं पान लावलं. लिहिलं होतं, 'आजोबा, तुमच्या जाण्याने झालेली पोकळी कधीच भरून निघणार नाही.' चित्रात मोर होता. पिसारा पूर्ण फुललेला, मान किंचित वळलेली. मागे कोपऱ्यात आजोबांची शेपटी दिसत होती.

त्या पानाखाली ठशांचा नुसता चिखल झाला. "पिसारा काय सुंदर आलाय रे!" सगळे म्हणाले. आजोबांची म्हातारी तेवढी बराच वेळ त्या शेपटीकडे बघत उभी होती.

रानमांजरीचं वेगळंच होतं. तिला पिल्लू झालं आणि रोज त्याचं चित्र भिंतीवर यायला लागलं. पण पिल्लाच्या तोंडावर एक पान काढलेलं असायचं. दृष्ट लागू नये म्हणून. म्हणजे बघा हं, दाखवायचंही होतं आणि दिसूही द्यायचं नव्हतं. सगळे त्या पानाकडे बघून म्हणायचे, "अगदी आईवर गेलंय!"

असो. मी भरकटले. गोष्ट साळूबाईची आहे.

साळूबाई म्हणजे साळिंदर. नाल्याच्या अलीकडे, वारुळामागच्या बिळात राहायची. तिला एकच पिल्लू होतं. त्याचे काटे अजून मऊ होते, म्हणून ती त्याला 'मऊ' म्हणायची.

साळिंदरांत एक रीत असते. पिल्लाचे काटे ताठ होईपर्यंत त्याचं चित्र काढायचं नाही. पानाआडूनसुद्धा नाही. साळूबाईच्या आईने पाळली, तिच्या आजीने पाळली. साळूबाईनेही पाळली. त्यामुळे मऊचं एकही चित्र नव्हतं. त्या जंगलात ज्याचं चित्र नाही असा बहुधा तो एकटाच जीव होता. उंदरांचीसुद्धा होती. घोळक्यात का होईना.

एका संध्याकाळी मायलेकरं नाल्याकाठी कंद उकरत होती. साळूबाई उकरायची, मऊ खायचं. अगदी छान चाललं होतं.

तेवढ्यात धाडधाड आवाज झाला!

दचकू नका. वाघ नव्हता. मावळतीचं चित्र काढून घ्यायला आलेली गर्दी होती. त्या दिवशी आभाळ केशरी झालं होतं आणि ते जायच्या आत सगळ्यांना त्याच्यापुढे उभं राहायचं होतं. रानडुकरं, सांबरं, ससे, वानरांची अख्खी टोळी. सगळे आभाळाकडे पाठ करून नाल्याकडे धावत होते. जो तो ओरडत होता, "रंगू, आधी माझं! ऊन चाललं!"

या धावपळीत मऊ घाबरलं. घाबरलं की ते ओरडायचं नाही. गप्प व्हायचं आणि पळायचं. ते कुणाच्या तरी खुरांमधून निसटलं, घसरलं आणि नाल्यापलीकडे गेलं.

गर्दी ओसरली. आभाळ काळं पडलं. साळूबाईने हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

तिने नाल्याचा काठ पालथा घातला. पलीकडे करवंदीच्या एका जाळीपाशी तिला मऊच्या पायांचे ठसे दिसले. डावा मागचा पाय ओढल्यासारखा उमटला होता. पुढे दगड लागले आणि ठसे संपले.

उजाडताच साळूबाई भिंतीशी गेली. जन्मात पहिल्यांदा तिला पान लावायचं होतं. साळिंदराला लेखणी शोधावी लागत नाही, अंगावरच असते. तिने पाठीवरचा एक काटा उपटला आणि लिहिलं :

'हरवलं आहे. साळिंदराचं पिल्लू. नाव मऊ. अंगावर काटे आहेत, पण अजून टोचत नाहीत. डावा मागचा पाय दुखावला आहे, फार पळता येत नाही. एकटंच आहे. घाबरलं की ओरडत नाही, गप्प बसतं. अनोळखी कुणाजवळ जात नाही, पण मोहाच्या फुलांचा वास आला की राहवत नाही, बाहेर येतं. नाल्यापलीकडे करवंदीच्या जाळीपाशी ठसे दिसले. कुणाला दिसलं तर दया करून कळवा. आई, साळूबाई.'

आईच ती. काही म्हणता काही राहू दिलं नाही.

रंगूने पान हातात घेतलं. उलटं केलं. परत सुलटं केलं.

"चित्र कुठाय, मावशी?"

"चित्र नाही रे बाबा. आमच्यात काढत नाहीत."

"मग कोण वाचणार हे? एवढा मजकूर! बघूनच झोप येते."

"तू काढ ना एक. मी सांगते तसं काढ. काळपट आहे, गोल आहे, नाक बसकं..."

रंगूने कोळसा उचलला. साळूबाई सांगत गेली, तो काढत गेला. मग दोघंही मान वाकडी करून चित्राकडे बघत राहिली.

"फणस वाटतोय," रंगू म्हणाला.

साळूबाईलाही तेच वाटत होतं.

"फणस हरवला तर कुणी शोधत नाही, मावशी. सापडला तर खातात." रंगू ढोलीत शिरला आणि एक तयार चित्र घेऊन बाहेर आला. "हे बघा. हे लावू."

चित्रात हरणाचं पाडस होतं. पाय दुमडून बसलेलं. पाठीवर पांढरे ठिपके. डोळे एवढे मोठे आणि इतके ओले की बघणाऱ्याच्या घशात आवंढा यावा.

"अरे, पण हे हरणाचं आहे!"

"प्रातिनिधिक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... पिल्लू ते पिल्लू. भावना पोचल्याशी कारण. हे डोळे बघितले की दगडालाही पाझर फुटेल. आणि खाली तुम्ही लिहिलंयच की साळिंदराचं म्हणून. मोठ्या अक्षरात."

साळूबाईला पटत नव्हतं. पण मऊ एक अख्खी रात्र बाहेर होतं, उपाशी. अशा वेळी आईला कुणी काहीही सांगितलं तरी ती हो म्हणते.

पान लागलं.

आणि काय सांगू तुम्हाला! आजोबांच्या शेपटीला पडले नव्हते इतके ठसे पहिल्या तासाभरात पडले. सशिणी रडल्या. रानडुकरं हुंदके देत होती. "काय डोळे आहेत गं त्या बाळाचे!" "कशी असेल याची आई!" साळूबाई तिथंच उभी होती. एक सांबरीण तिला म्हणाली, "जरा सरका हो, चित्र दिसत नाहीये."

दुपारपर्यंत पोपटांनी नकला जंगलभर पोचवल्या. मजकूर लांब होता, म्हणून त्यांनी नकलेत तो जरा आखडता घेतला. 'हरवलं आहे' एवढं ठेवलं आणि खाली स्वतःचं एक वाक्य घातलं : 'आई असशील तर पुढे पाठवशील.'

आता या सगळ्यात कोल्हेभाऊ मागे राहतील का? कोल्हेभाऊ म्हणजे जंगलातलं तरुण, तडफदार नेतृत्व. बरीच वर्षं तरुण होते. त्यांनी लगेच 'पिल्लू शोध समिती' काढली. समितीने बसून आधी स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि मग शोधाला सुरुवात केली.

समितीला पिल्लू लगेच सापडलं.

कुरणात आईजवळ चरत होतं. नाव ठिपकी. हुबेहूब चित्रातल्यासारखं. असणारच. रंगूने गेल्या हिवाळ्यात तिलाच बसवून ते चित्र काढलं होतं.

"सापडलं! सापडलं!" अस्वलमामांनी ठिपकीला उचलून खांद्यावर घेतलं.

"अहो, ठेवा तिला खाली! माझी पोर आहे ती!" ठिपकीची आई, हरणाक्का, मागून धावली.

"ताई, शांत व्हा," कोल्हेभाऊ हात जोडून म्हणाले. "आपण इतके दिवस तिला सांभाळलंत, जंगल आपलं ऋणी आहे. पण आता तिची खरी आई वाट बघतेय."

ढोल वाजवत ठिपकीची मिरवणूक साळूबाईच्या बिळापर्यंत आली. ढोल ऐकून साळूबाई धडपडत बाहेर आली. खांद्यावर कोण आहे ते पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"आनंदाने शुद्ध हरपली," कोल्हेभाऊंनी जाहीर केलं. "रंगू, काढ."

"हे माझं नाही हो! माझं साळिंदराचं आहे. मी लिहिलंय तसं!"

"कुठं?"

"पानावर!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पानावर काही लिहिलंय, ही बातमी त्यांना नवीन होती.

हरणाक्काने पोरीला ओढून घरी नेलं. पण पोपटांचं काम चालूच होतं ना! संध्याकाळी ठिपकी वरच्या रानातल्या प्राण्यांना सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या रानातल्यांना सापडली. वानरांना तर ती पाणी पिताना सापडली, तोंडातलं पाणी गिळायच्या आत. दर वेळी ढोल, दर वेळी मिरवणूक, दर वेळी साळूबाईचं बीळ. शेवटी शेवटी ठिपकी स्वतःच वाट दाखवायला लागली. "या आंब्याकडून वळा, अस्वलमामा. इकडे चिखल आहे." आणि चित्र काढताना म्हणायची, "डावी बाजू घे रे रंगू. उजवीकडून मी जाड दिसते."

आणि मऊ?

मऊ दगडांतून भटकून पुन्हा नाल्यापलीकडच्या त्याच करवंदीच्या जाळीत येऊन बसलं होतं. पायात काटा गेला होता. दुसऱ्याचा काटा आपल्याला टोचतो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. दोन करवंदं खाल्ली होती, तीही कच्ची.

एक पोपट जाळीवर येऊन बसला. मऊला धीर आला. ते हळूच म्हणालं, "पोपटदादा, मला घरी जायचंय."

"थांब रे जरा. महत्त्वाच्या कामात आहे. एक पिल्लू हरवलंय."

"अरे बापरे."

"हे बघ." पोपटाने नक्कल खाली टाकली.

मऊला अजून वाचता येत नव्हतं. त्याने चित्र पाहिलं. ते मोठे, ओले डोळे पाहिले.

"बिचारं," ते म्हणालं. "त्याची आई रडत असेल ना?"

"जंगल रडतंय. दिसलं तर सांग हं."

"सांगेन," मऊ म्हणालं. आणि दुखरा पाय चिखलात बुडवून त्याने पानाखाली एक छोटासा ठसा उमटवला.

पोपट नक्कल घेऊन उडून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाई पुन्हा भिंतीशी आली. पान आता ठशांनी इतकं भरलं होतं की तिचं तिलाच ओळखू येईना. रंगू खुशीत होता.

"मावशी, रेकॉर्ड आहे हे! आणि एक गंमत सांगू? मी म्हणत होतो ना, मजकूर कुणी वाचत नाही? एकाने वाचला. सगळा. अगदी बोट फिरवत फिरवत."

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोण रे तो देव?"

"बिबटेराव."

बाळांनो, साळिंदराच्या अंगावरचे सगळे काटे एकदम उभे राहतात तेव्हा खळ्ळ असा आवाज होतो. तो आवाज त्या दिवशी पाणवठ्यापर्यंत ऐकू गेला.

"दोनदा वाचला," रंगू कौतुकाने सांगत होता. "मला म्हणाले, 'किती तपशिलात लिहिलंय! हल्ली असं कुणी लिहीत नाही.' ठसाही दिलाय. हा बघा. केवढा मोठा! आणि जाताना विचारत होते, मोहाची फुलं कुठं चांगली मिळतील म्हणून. फार हळवा प्राणी, दिसतो तसा नाही..."

पुढचं ऐकायला साळूबाई तिथं नव्हती.

साळिंदराला धावता येत नाही. म्हणजे येतं, पण बघणाऱ्याला कळत नाही की ते धावतंय. साळूबाई धावत होती. वाटेत तिने सशाला हाक मारली, सांबराला मारली. "बिबट्या! माझ्या पोराकडे चाललाय! चला कुणीतरी!" सांबर म्हणालं, "पान लावलंत का?"

इकडे करवंदीच्या जाळीपाशी बिबटेराव पोचले होते. तोंडात मोहाच्या फुलांची डहाळी होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली. चार फुलं जाळीच्या तोंडाशी पसरली. शेपटी अंगाशी घेतली आणि बसले.

"मऊ," त्यांनी हाक मारली. आवाज किती मऊ, काय सांगू! "ए मऊ बाळा."

जाळीत काही हललं नाही.

"घाबरलं की गप्प बसतोस, माहीत आहे मला. पाय फार दुखतोय का रे? डावा ना? मागचा?"

जाळीतून बारीक आवाज आला. "तुम्हाला कसं माहीत?"

"तुझ्या आईने सांगितलं."

"आईने पाठवलं तुम्हाला?"

खोटं बोलायची बिबटेरावांना सवय नव्हती. गरजच पडत नसे. "सगळ्यांनाच पाठवलं," ते म्हणाले. "आलो मी एकटा."

मोहाच्या फुलांचा वास जाळीत शिरला. जाळीतून आधी एक बसकं नाक बाहेर आलं. मग डोळे. बिबटेरावांनी पंजा उचलला. अगदी सावकाश.

ढम ढम ढम ढम!

नाल्याच्या वळणावरून मिरवणूक आली. ठिपकी आज पुन्हा सापडली होती. पुढे ढोल, मागे अस्वलमामा, खांद्यावर ठिपकी, आजूबाजूला समिती. कोल्हेभाऊ सगळ्यांना मोहाची फुलं वाटत होते. मिरवणूक वळणावर आली आणि जागच्या जागी थिजली.

समोर बिबट्या. पंजा उचललेला. पुढ्यात फुलं.

ढोल थांबला. अस्वलमामांच्या खांद्यावर ठिपकी एवढीशी झाली. आता कोण आधी पळणार, एवढाच प्रश्न होता. आणि अशा वेळी, मुलांनो, नेतृत्व कामी येतं. कोल्हेभाऊंना पळायचंच होतं, पण मागे गर्दी होती. पाय मागे जाईना म्हणून त्यांनी तोंड पुढे केलं.

"मित्रांनो!" ते ओरडले. आवाज जरा चिरकला. "बघा! साक्षात बिबटेरावसुद्धा शोधकार्यात उतरले आहेत! हरवलेल्या पिल्लासाठी फुलं घेऊन आले आहेत! आणि हात उंचावून आपल्याला अभिवादन करत आहेत! रंगू! रंगू कुठाय? चित्र काढ!"

रंगू झाडावरून उतरला. तो मिरवणुकीबरोबर असायचाच.

बिबटेरावांनी उचललेल्या पंजाकडे पाहिलं. मग गर्दीकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. कौतुकाने! त्यांच्याकडे आजवर असं कुणी बघितलं नव्हतं. बघितलंच तर पळत पळत बघितलं होतं. इतक्या कौतुकात पंजा खाली आणणं काही बरं दिसेना.

"असाच ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"असाच, असाच! मान जरा वर. ठिपकी, तू शेजारी बस."

"मी नाही बसणार," ठिपकी म्हणाली. "तो मला खाईल."

"चित्र होईपर्यंत नाही खाणार. बस गं. हस जरा."

ठिपकी बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "वा!" रंगू म्हणाला. "आनंदाश्रू. हेच पाहिजे होतं." मग बिबटेरावांपाठीमागे सगळ्यांची रेटारेटी सुरू झाली. ज्यांना कालपर्यंत त्यांच्या नुसत्या वासाने ताप भरायचा, ते आज त्यांच्या पाठीवर हात ठेवायला जागा शोधत होते.

या गडबडीत वाटलेली मोहाची फुलं पायदळी सांडली होती. वास सगळीकडे पसरला होता. मऊ जाळीतून बाहेर आलं. बिबटेरावांच्या पुढ्यातून, नाकाखालून, फुलं वेचत वेचत चाललं. लंगडत.

बिबटेरावांचे डोळे हळूहळू त्याच्याबरोबर फिरायला लागले.

"नजर समोर, बिबटेराव!" रंगू ओरडला. "ठिपके मोजके नाहीत तुमच्या अंगावर. हललात तर पहिल्यापासून काढावं लागेल."

बिबटेरावांनी नजर समोर घेतली. मुलांनो, एवढा संयम त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता.

फुलं वेचत वेचत मऊ गर्दीच्या कडेला आलं आणि एका ओळखीच्या पोटावर जाऊन आपटलं.

साळूबाई होती. धापा टाकत होती. काटे अजून खाली बसले नव्हते. तिने मऊला पोटाखाली घेतलं. मऊ म्हणालं, "आई, एक पिल्लू हरवलंय. तुला कळलं का?"

चित्र झालं. ठिपकी एका उडीत अस्वलमामांच्या मागे गेली आणि हरणाक्का येईपर्यंत तिथून हलली नाही. बिबटेराव पंजा चोळत उठले, तर पुढे काहीच नव्हतं. गर्दीने त्यांचा इतका जयजयकार केला, की त्यांना रिकाम्या पोटी, आभार मानत मानत जावं लागलं.

मग साळूबाई पुढे आली. "सापडलं हो! माझं मऊ सापडलं!"

कोल्हेभाऊंनी मऊकडे पाहिलं. हातातल्या नकलेकडे पाहिलं. परत मऊकडे पाहिलं.

"वहिनी, तुमच्या भावना मी समजू शकतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण कशात काही साम्य दिसत नाही हो."

"अहो, मी जन्म दिलाय याला!"

"ते खरं असेल. पण जंगलाने आसवं कुणासाठी गाळली? याच्यासाठी." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "आता तुम्ही असं कुणालाही पोटाशी धरून सापडलं म्हणालात, तर त्या बिचाऱ्या बाळाचं काय? त्याला कोण शोधणार?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काय बाई तरी! स्वतःचं पोर घेऊन बसलीय, आणि तिकडं एक लेकरू उपाशी आहे."

साळूबाईने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मऊच्या पायातला काटा दातांनी ओढून काढला आणि त्याला घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवं चित्र लागलं. बिबटेराव हात उंचावून, शेजारी रडणारं पाडस, मागे समिती. खाली लिहिलं होतं, 'जंगलात दया अजून शिल्लक आहे.' कोल्हेभाऊंनी बिबटेरावांना समितीचं अध्यक्षपद देऊ केलं. बालकल्याण विभाग त्यांच्याकडेच आला.

साळूबाई आपलं पान काढायला गेली, तर रंगू आडवा आला.

"काढायचं? मावशी, शुद्धीवर आहात ना? एवढे ठसे आहेत त्यावर!"

"पण माझं पिल्लू सापडलंय!"

"सापडलं असेल हो. पण पान छान चाललंय."

साळूबाईने वाद घातला नाही. रंगूची पाठ वळताच तिने एक काटा उपटला आणि पानावरचा मजकूर खरवडून काढला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. नाव, पाय, जाळी, मोहाची फुलं, सगळं. चित्र तेवढं राहू दिलं.

कुणाला काही फरक कळला नाही. संध्याकाळपर्यंत ठसे वाढलेच. पोपट नकला नेत राहिले. मऊचे काटे ताठ झाले, त्याला वाचता यायला लागलं, तरी ते पान फिरतच होतं. ठिपकीला पुढे स्वतःची पाडसं झाली. त्यांनाही लोक अधूनमधून साळूबाईच्या दारात आणून सोडायचे.

एकाला मात्र फरक कळला. दुसऱ्याच दिवशी. दुपारच्या सामसुमीत बिबटेराव भिंतीशी आले. स्वतःच्या चित्रापुढे थोडं थांबले. मग साळूबाईच्या पानापुढे गेले. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. बराच वेळ बोट फिरवत उभे राहिले.

मग एक मोठा सुस्कारा टाकला.

"हल्ली," ते खिन्नपणे म्हणाले, "कुणी काही सविस्तर लिहीतच नाही."

तात्पर्य : पोस्टला चित्र सुंदर लावावं, मग ते कुणाचंही असो. मजकूर मात्र लिहू नये. तो मन लावून वाचणारा जंगलात एकच असतो, आणि तो भुकेला असतो.